पाव फेरा

जुन्या बाजारात, रविवारी, गंजक्या पान्यांच्या ढिगाशेजारी
तो पालथा पडला होता.
झाकणावर सुईनं कोरलेलं: पेरीन, एफ. वाय.
विकणारा म्हणाला, रिमोट आहे कसला तरी, द्या अडीचशे.
मी दोनशेला आणला. चार बारके सेल वेगळे.

सोमवारी भोसरीच्या रात्रवर्गात एसी सर्किट घ्यायचं होतं,
म्हणून आदल्या रात्री बिबवेवाडीत, ताटांशेजारीच
त्याच्याशी ओळख करून घेत बसले.

एक भागिले तीन.
पडद्यावर तिनांची रांग लागली
रेशनच्या दुकानासारखी, शेवट दिसेना.
मेनूत शिरून एक कळ दाबली
तेव्हा रांग मोडली: एक, तिरकी रेघ, तीन.

अण्णांनी भाकरी मोडता मोडता मान वळवली.
एकतीस वर्षं मार्केट यार्डात तोलणार होते.
"दीड औट किती, विचार त्याला."
मी आकडे दाबतेय तोवर स्वतःच म्हणाले, सव्वापाच.
यंत्र म्हणालं, एकवीस छेद चार.
"हे काय बोलणं झालं? सव्वापाच म्हणायला लाज वाटते?"
त्याला पावकी-निमकी कुणी शिकवलीच नाही, अण्णा.
"मग शाळा कुठं झाली त्याची?"

पुढं उणे चारचं वर्गमूळ.
आधी वजाबाकीची कळ दाबली, चुकलंच.
याच्याकडे उणे दोन आहेत,
एक काढून घेण्याचं,
एक जन्मापासून अंगाला चिकटलेलं.
दुसरं दाबलं तर म्हणतो, उत्तर वास्तव नाही.
अण्णा खूश. "बघ. नसलेल्या मालाची पावती फाडत नाही."

मग मोड बदलला.
'वास्तव'वरचा काळा चौकोन एक घर सरकवला, इतकंच.
तोच प्रश्न. त्याच कळा.
दोन आय.

"आय?"

घास हातात तसाच.
त्यांच्या इंदापूरकडं आय म्हणजे एकच.
ती गेली तेव्हा ते गाळ्यावर कांदा तोलत होते,
तार दोन दिवसांनी पोचली.
हे मला आईनं सांगितलेलं, त्यांनी नाही.
मी घाईनं म्हटलं, इंग्रजी अक्षर आहे ते,
हे बघा, दशांशाच्या ठिपक्याच्या डोक्यावर
निळ्या शाईत, एवढंसं.
"मोजता येते?"
येते. पण या रेघेवर नाही.
हिनं गुणलं की रेघ सोडून पाव फेरा वळायचं,
तुमची हातगाडी गेटातून सरळ येऊन
कांद्याच्या गाळ्याकडं वळायची, तसं.

अण्णांनी रिकाम्या ताटात चमचा आडवा ठेवला,
दांडा माझ्याकडं.
पाव वळवला. थांबले. आणखी पाव.
"दोन पाव, अर्धा. अर्धं वळलं की तोंड मागं.
म्हणजे आय दोनदा घेतली की उणे एक."
माझ्या पुस्तकाला याला दीड पान लागलं होतं.
पुढचे दोन पाव त्यांनी न बोलता वळवले,
दांडा पुन्हा माझ्याकडं आला,
आणि त्यांनी चमचा आमटीच्या वाटीत टाकून दिला.

रात्री उशिरा त्याच्या पोटात चाचपून पाहिलं.
'ए'च्या खणात पेरीनचं काहीतरी राहिलेलं,
आतला बटणसेल तग धरून असणार.
अपूर्णांकात बदलून घेतलं:
तीन छेद चार, अधिक एक छेद दोन आय.
पाऊण आणि अर्धी आय, मी नकळत मोठ्यानं म्हणाले.

"सव्वा," आतल्या खोलीतून आवाज आला.
नाही अण्णा. यांची बेरीज होत नाही,
दिशा वेगळ्या आहेत. नुसतं शेजारी लिहून ठेवायचं.

बराच वेळ काही नाही.
मग, "पंखा एकवर कर गं."
मी उठले. यंत्र विचारत होतं, सगळं पुसायचं?
परत येऊन 'नाही' दाबलं.